वावरात वाकल्यावरही जागेवर राहील असं पॅड: स्तन काढल्यानंतरच्या कृत्रिम स्तनांची पारख

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला की ब्राच्या आत ठेवायचं कृत्रिम स्तन घ्यायला बाई दुकानात जाते. दुकानदार ज्याला ब्रेस्ट फॉर्म म्हणतो आणि बायका नुसतं पॅड म्हणतात, ते. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वजनाचंच घ्या ताई, नाहीतर पाठ वाकडी होईल." हे अर्धंच खरं आहे. दिवसभर वाकून काम करणाऱ्या विदर्भातल्या बाईसाठी तर अर्ध्याहूनही कमी.

इथे बाजारात आणि घरात मिळणारे पाच प्रकार तपासले आहेत: घरी भरलेलं कापडी, विणलेलं सुती, फायबर भरलेलं हलकं, नेहमीचं सिलिकॉन आणि हलकं सिलिकॉन. आरशासमोर सगळीच बरी दिसतात, म्हणून कसोटी वेगळी ठेवली. निंदण, कापसाची वेचणी, भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी, डोक्यावर पाण्याचा गुंड, एसटीत वरचा दांडा धरून उभं राहणं आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. यात जे टिकलं ते चांगलं.

आधी वजनाचा हिशोब. मध्यम बांध्याच्या बाईचं नेहमीचं सिलिकॉन पॅड ३०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ते कण्यापासून साधारण १० सेंटिमीटर बाजूला बसतं. ४०० ग्रॅम धरले तर एका बाजूचा ओढा झाला ४ किलो-सेंटिमीटर. हापशीवरून १० लिटरची बादली एका हातात आणली तर ती कण्यापासून ३० सेंटिमीटरवर लटकते, म्हणजे ओढा ३००. जो कणा रोज सकाळी ही बादली पेलतो, तो ४ च्या फरकाने वाकडा होईल हे पटण्यासारखं नाही. परदेशात पाठीच्या वळणाची आणि स्नायूंच्या कामाची मोजमापं घेऊन अभ्यास झाले आहेत. त्यांचेही निष्कर्ष एकमुखी नाहीत. काहींना पॅडमुळे फरक दिसला, काहींना जड आणि हलक्या पॅडमध्ये विशेष फरक सापडला नाही. उरलेला स्तन मोठा आणि जड असेल, तर मात्र वजनाचा मुद्दा खरोखर येतो. त्या बाजूचा पट्टा खांद्यात रुततो, ब्रा त्या अंगाला फिरते आणि मान-खांदा दुखायला लागतो.

मग शस्त्रक्रियेनंतर इतक्या जणींचा खांदा पुढे आणि वर का चढतो? त्याची कारणं पॅडच्या बाहेर आहेत. छातीवरचा व्रण आकसतो. रेडिएशन झालं असेल तर छातीचा स्नायू कडक होतो. काखेतल्या गाठी काढल्यावर हात वर नेताना काखेतून कोपराकडे ताणलेली दोरी हाताला लागते, तेव्हा हात आपोआप पोटाशी घेतला जातो. त्यात लपवण्याची सवय लागते: पदर पुढे ओढायचा, छाती आत घ्यायची, मान खाली. याच्या जोडीला पॅड निसटेल ही धास्ती. रुमाल घडी करून ब्रात खोचलेली बाई एसटीत वरच्या दांड्याला हात घालत नाही आणि शिंकाळ्यावरचं भांडं पोराला काढायला सांगते. वापर नाही म्हणून खांदा आखडतो, आणि आखडला म्हणून वापर आणखी कमी होतो. आमच्या मते हालचालीवर मोठा परिणाम या धास्तीचा होतो. ग्रॅमचा नंबर नंतर.

म्हणून पॅडच्या वजनाकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं. कणा तोलण्यापेक्षा ब्रा खाली धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. हात वर गेला की ब्राची खालची पट्टी छातीवर वर सरकू पाहते. भरलेल्या बाजूला स्तनाचं वजन तिला अडवतं. दुसऱ्या बाजूला कापसाचा बोळा असेल तर अडवायला काही नसतं. पट्टी वर चढते, बोळा गळपट्टीशी येतो, आणि मग बाई पदराआडून दिवसातून पन्नासदा तो खाली ओढत बसते. हे सरकणं थांबवायचे दोन मार्ग: पुरेसं वजन, किंवा पॅड ठेवायला ब्राच्या आतून शिवलेला पक्का खिसा आणि बरोबर मापाची पट्टी. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि आमच्या मते वावरासाठी जास्त खात्रीचा.

आता प्रकार एकेक.

घरी भरलेल्या पॅडचं कौतुक करावं असं फार नाही, पण वापर त्याचा बराच आहे, कारण कापूस घरचाच. घामाने तो बसतो, दोन-चार दिवसांत त्याची थापी होते, आकार जातो. काही जणी कापडी पिशवीत ज्वारी, तांदूळ किंवा जवस भरतात. वजन मिळतं, पण दाणे खाली उतरतात, वरची बाजू पोकळ पडते, आणि घाम लागला की बुरशी नाहीतर पोरकिडे. त्यापेक्षा उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर भरा. वजन हवं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातले स्टेनलेस स्टीलचे चपटे वॉशर कापडात शिवून पिशवीच्या आत, मागच्या खालच्या भागात टाका. सुटे ठेवले तर खुळखुळतात आणि व्रणावर टोचतात, म्हणून मध्ये फायबरचा थर हवाच. मासे धरायच्या गळाचं शिसं वापरू नका. शिसं अंगाशी दिवसभर ठेवायची वस्तू नव्हे.

विणलेलं सुती पॅड हा अलीकडचा प्रकार. याची चळवळ परदेशात सुरू झाली. आपल्याकडे मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन अशी हाताने विणलेली पॅड मोफत देते. मऊ सूत, आत फायबर, मागे भरण कमी-जास्त करायला तोंड. व्रणाला न टोचणारं, उन्हाळ्यात सगळ्यांत सुसह्य. पहिल्या काही महिन्यांसाठी याच्याहून चांगलं दुसरं नाही. उणीव दोन. अगदी हलकं असल्याने खिशाशिवाय ते वर सरकणारच. आणि श्रावणात रोवणीच्या चिखलपाण्यातून आल्यावर धुतलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलं असतं. भरण बाहेर काढून खोळ वेगळी वाळवली तर लवकर सुकतं. दोन जोड असल्याशिवाय पावसाळा निभत नाही.

दुकानात मिळणारं फायबर किंवा फोमचं हलकं पॅड याच वळणाचं, फक्त शिलाई साफ. शस्त्रक्रियेनंतर जखमेतलं पाणी काढणारी नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की हेच वापरायचं. सिलिकॉनला शस्त्रक्रियेपासून साधारण ६ ते ८ आठवडे थांबायचं. रेडिएशन चालू असेल तर कातडी पूर्ण शांत होईपर्यंत सिलिकॉन लांबच ठेवा.

नेहमीचं सिलिकॉन म्हणजे पातळ पॉलियुरेथेनच्या पापुद्र्यात भरलेलं जेल. दिसायला, हाताला आणि चालताना हलायला खऱ्याच्या सर्वांत जवळ. अंगाच्या उष्णतेने कोमट होतं, ब्रा जागेवर धरतं, ब्लाउज नीट बसतो. बसून करायची कामं, बाजार, लग्नकार्य, शाळा-अंगणवाडीची नोकरी, यांसाठी हेच घ्यावं. वावरात मात्र त्याचा खरा दोष उघडा पडतो, आणि दुकानात तो कळतच नाही.

उभं असताना पॅडचं वजन ब्राच्या कपात विसावतं. निंदायला कमरेतून वाकलं की छाती जमिनीला समांतर होते आणि तेच ४०० ग्रॅम छातीपासून सुटून कपड्यावर लोंबतं. वरच्या कडेला फट पडते, गळ्यातून ती दिसते, आणि दर वेळी उठता-वाकताना पॅडची मागची बाजू व्रणावर घासते. तास-दोन तासांनी बाई नकळत कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे मोडून, एक कोपर छातीशी दाबून काम करायला लागते. हात दाबलेला, म्हणजे वेचणीला एकच हात मोकळा. संध्याकाळी कंबर आणि दुसरा खांदा दुखतो, आणि दोष "वजन कमी पडलं" यावर जातो. खरं तर वजन जास्त आणि पकड कमी झालेली असते.

हलकं सिलिकॉन यावर तोडगा म्हणून बनवलं आहे. त्याच मापाच्या नेहमीच्या पॅडपेक्षा साधारण २० ते ४० टक्के हलकं. वाकल्यावर लोंबणं कमी, पण ब्रा खाली धरण्याइतकं वजन शिल्लक. हात सुजण्याचा त्रास असेल, स्तन मोठे असतील किंवा दोन्ही काढले असतील तर हेच बघावं. दोन्ही काढलेल्या बाईला तोल साधायचा प्रश्नच नसतो. तिला दोन्हीकडे जड पॅड विकणं म्हणजे पाऊण-एक किलो विनाकारण पुढे टांगणं. तिने आधीच्यापेक्षा लहान मापही घ्यायला हरकत नाही. किंमत जास्त, ही याची एकच अडचण. एकच पॅड परवडणार असेल आणि वावरात रोज जायचं असेल तर आमची पसंती यालाच. दोन परवडत असतील तर वावराला विणलेलं किंवा फायबरचं, बाहेर जायला नेहमीचं सिलिकॉन. एकाच महागड्यापेक्षा ही जोडी बरी.

अंगाला थेट चिकटणारी पॅडही मिळतात. विदर्भाच्या घामात ती दुपारपर्यंत टिकत नाहीत, कातडीही सोलवटते. इथे नकोच.

पॅडपेक्षा ब्राला जास्त वेळ द्या. पैसे कमी असतील तर पॅड स्वस्त घ्या, ब्रा चांगली. तार नको. पट्टा किमान २ सेंटिमीटर रुंद, मऊ. बारीक पट्टा शस्त्रक्रियेच्या बाजूच्या खांद्यात रुतला तर हाताची सूज वाढू शकते. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. तो अधांतरी राहिला तर कप लहान आहे. खालच्या पट्टीखाली दोन बोटं जातील इतकी सैल, त्याहून जास्त नाही. हात मागे जात नसेल तर हुक पुढे असलेली घ्या.

खिशाची ब्रा महाग वाटत असेल तर गावातला शिंपी साध्या सुती ब्राला खिसा लावून देतो. त्याला नीट सांगावं लागतं. पॅड कागदावर पालथं ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर वाढवून कापा. कापड बनियनचं, सुती, ताणलं जाणारं. जाड खादी किंवा टेरिकॉट लावलं की आत घाम साचतो. शिलाई खालून, मधल्या बाजूने आणि वरून मारायची. काखेच्या बाजूला ८ ते १० सेंटिमीटर तोंड ठेवायचं. बहुतेक शिंपी इथेच थांबतात आणि वाकल्यावर पॅड त्याच तोंडातून काखेकडे बाहेर डोकावतं. तोंडाच्या दोन्ही कडा एकमेकींवर २ सेंटिमीटर चढवून, उशीच्या अभ्र्याला असते तशी दुमड ठेवायला सांगा. वरची शिलाई कपाच्या कडेपासून थोडी खाली घेतली तर व्रणाला शिवण लागत नाही. शिलाईची जाड बाजू कपाकडे, अंगाकडे नाही. ब्लाउजला हाच खिसा लावता येतो, पण लावू नये असं आमचं मत आहे. ब्लाउज दंडाबरोबर हलतो आणि हात वर गेला की पॅडही सोबत निघतं.

माप घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीची मापं वेगळी. ३६ ए, ३४ बी आणि ३२ सी यांचं आकारमान जवळपास एकच, म्हणून या तिघींना एकच पॅड बसू शकतं. वजनाचा अंदाज घरीच काढता येतो. परातीत पातेलं ठेवून ते काठोकाठ कोमट पाण्याने भरा. वाकून उरलेला स्तन छातीला काठ टेकेपर्यंत पाण्यात सोडा. परातीत सांडलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजा. जितके मिलिलिटर, जवळपास तितके ग्रॅम. दोनदा मोजून सरासरी घ्या. पातेलं फार रुंद असेल तर लाट उसळून पाणी जास्त सांडतं, अरुंद घ्या. हा आकडा म्हणजे वजनाची कमाल मर्यादा समजा. वावरासाठी त्याच्या दोन-तृतीयांशापासून सुरुवात करा, आणि पट्टी वर सरकत असेल तरच वाढवा.

दुकानात घालून बघताना नुसतं उभं राहून हो म्हणू नका. दोन्ही हात वर, एसटीचा दांडा धरल्यासारखे. खालची पट्टी बोटभराहून जास्त वर चढता कामा नये. मग जमिनीला हात टेकेल इतकं कमरेतून वाका आणि दहा-बारा वेळा गवत उपटल्याची हालचाल करा. वरच्या कडेला बोट जाईल इतकी फट पडली तर खिसा किंवा माप चुकलं आहे. उकिडवं बसून उठा. डोक्यावर दोन्ही हातांनी काहीतरी धरून चाला. अर्धा तास अंगावर ठेवा, मग काढून कातडी बघा. लाल वळ २० ते ३० मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर घट्ट आहे. सोबत कुणी असेल तर पाठीमागून मोबाइलवर दोन फोटो काढा, एक पॅडशिवाय, एक पॅड घालून. दाराच्या चौकटीला दोऱ्याने दगड बांधून ओळंबा सोडला आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो घेतला तर खांद्याची उंची आणि मणक्याची रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. दोन्ही फोटोंत शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा सारखाच वर चढलेला असेल, तर पॅड बदलून उपयोग नाही. तिथे व्यायाम हवा: डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं आणि दोन्ही फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, मागे एकमेकांजवळ आणून पाच आकडे धरून ठेवणं, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पाठीमागून तसाच फोटो महिन्याने पुन्हा काढा. ज्या दुकानात वाकून बघायला पडदा लावलेली जागा नाही, तिथून पॅड घेऊ नये.

उन्हाची गोष्ट वेगळी काढावी लागते. सिलिकॉनच्या मागे घाम साचतो, आणि रेडिएशन झालेल्या कातडीला तिथे पुरळ लवकर येतं. पॅडला सुती खोळ घाला, दुपारच्या सुट्टीत काढून कातडी कोरडी करा. पावडर नको, घामात तिचा लगदा होऊन घासतो. संध्याकाळी सौम्य साबण आणि कोमट पाण्याने हाताने धुवा, टॉवेलने टिपा, पिळू नका, उन्हात किंवा पत्र्याखाली वाळत घालू नका. खोक्यातला जो खोलगट साचा येतो तो फेकून देण्यासाठी नसतो. पॅड त्यातच ठेवलं तर कडा दुमडत नाहीत. झोपताना घालायचं नाही.

सिलिकॉन मरतं ते बहुधा पदराच्या पिनेने. पदर डाव्या खांद्यावर येतो, त्यामुळे डाव्या बाजूची शस्त्रक्रिया असेल तर धोका जास्त. पिन खांद्याच्या शिवणीवर लावा, छातीवर नाही. बोराटीचा किंवा बाभळीचा काटा, मांजराची नखं, बोटातली अंगठी हे पुढचे शत्रू. छिद्र पडलं की चिकट जेल पाझरतं. त्यावर चिकटपट्टी लावून दोन-चार दिवस निभतं, पण पॅड संपलं असं समजा.

किमतीत फार तफावत आहे. फायबरची पॅड काही शे रुपयांत, साधी सिलिकॉनची हजार-दोन हजारांपासून, नावाजलेल्या परदेशी कंपन्यांची त्याच्या कित्येक पट. नागपुरात धंतोली-रामदासपेठ या दवाखान्यांच्या भागातल्या सर्जिकल दुकानांत विचारता येतं. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा सेवाग्रामला तपासणीची तारीख असेल त्याच दिवशी हे काम जोडून घ्या, आणि तिथल्या फिजिओथेरपी विभागात हात व पाठ दाखवल्याशिवाय परतू नका. ऑनलाइन मागवलं तर परत घेण्याची अट आधी वाचा. अंगाला लावायची वस्तू म्हणून बरेच विक्रेते ती परत घेत नाहीत. चांगल्या कंपन्या सिलिकॉन पॅडला साधारण दोन वर्षांची हमी देतात, पण टोचून पडलेलं छिद्र त्यात धरत नाहीत. पक्कं बिल घ्या.

हात जड वाटू लागला, बांगडी अचानक घट्ट झाली किंवा व्रणाभोवती लाली, गाठ, ओल दिसली तर पॅड बाजूला ठेवून आधी डॉक्टर. उपचारांनंतर वजन चार-पाच किलोंनी वाढलं किंवा घटलं की परात आणि पातेलं पुन्हा काढून मोजा; उरलेला स्तन बदलतो, पॅड बदलत नाही. जुनं पॅड धड असेल तर ते वावरासाठी ठेवा आणि नवं माप बाहेर जायला घ्या.